दाभणाचं टोक

माझ्या बापाला त्यांनी मेलेल्या बैलाच्या दाव्यानं बांधलं होतं. बैलाच्याच खुंट्याला. एका बाजूला बैल फुगून पडलेला, दुसऱ्या बाजूला बाप, आणि ओट्यावर पाटील.

"इख घातलं," पाटील म्हणाला. "कातड्यापायी माजा बैल मारला. मढ्यावरची गिधाडं तुमी."

बापाचा ओठ फाटला होता. "न्हाई जी," एवढंच तो सकाळपासून म्हणत होता.

कंट्रोलचे दिवस, धान्य रेशनवर. राहुरीकडचं आमचं गाव. मी सोळा वर्षांची. गावात ढोर मेलं की ओढून न्यायची सक्ती महारवाड्यावर, आणि मेलं कसं याचा संशयही महारवाड्यावरच. तालुक्याहून गुरांचा डॉक्टर बोलावला होता. विष निघालं असतं तर बाप तुरुंगात गेला असता.

डॉक्टर आला. नाकाला रुमाल. बैलापासून चार हात लांब खुर्ची टाकून बसला. "फाडणार कोण?" बापाला सोडायला पाटील तयार नव्हता. सुरी माझ्या हातात आली.

पोटात विषाचं काही दिसेना. डॉक्टरनं विचारलं, "आधी काही दुखणं?" खुंट्यापासून बाप बोलला, "म्हैनाभर चारा खात न्हवता जी. गळ्याखालच्या लोंबत्या पोळीत पानी हुतं. मानेची शीर दोरावानी फुगल्याली."

"तुला कुनी इचारलं?" पाटील खेकसला.

"छाती उघड," डॉक्टर मला म्हणाला.

उघडली. लहानपणापासून मढ्यांत वाढलेली मी, तरी तिथंच ओकले. घमेलंभर पू. हृदयावर पिवळी, गोधडीसारखी जाड साय. आणि पोटाकडून येऊन त्यात घुसलेलं दाभणाचं मोडकं टोक.

"उचलून धर," डॉक्टर म्हणाला. कोपरापर्यंत घाणीत हात घालून मी हृदय वर धरलं. काठीच्या टोकानं दाखवत तो पाटलाला समजावू लागला. "अंगातलं रक्त शिरांतून इथं येतं. इथून फुप्फुसात. तिथून परत ह्या बाजूला, आणि मग पुन्हा सगळ्या अंगात. पुवानं हृदय असं आवळलं की फुलायला जागा नाही. परत आलेलं रक्त आत शिरेना. म्हणून शीर फुगली, पोळीत पाणी उतरलं."

पू माझ्या मांडीवर गळत होता. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

"मानसाचं बी असंच असतं का जी?" मी विचारलं.

डॉक्टरनं पाटलाकडं बघूनच उत्तर दिलं. "असंच."

दाभण पोती शिवायचा. आमच्या घरी ना पोतं, ना पोत्यात भरायला दाणा. तो दाभण पाटलाच्याच कोठारातून चाऱ्यात गेला होता. डॉक्टरनं कागद लिहून वाचून दाखवला. "स्वतः तपासून पाहिले. विष आढळले नाही." स्वतः! रुमालाला डाग नव्हता त्याच्या.

"सोडा रं त्येला," पाटील गड्यांना म्हणाला. फाटलेल्या ओठाबद्दल अवाक्षर नाही. वर आम्हाला म्हणतो, "आता वढून न्या. मेजवानी हाय तुमची."

आणि बाप वाकला. मनगटावरचे वळ ताजे असताना तेच दावं बैलाच्या पायांना बांधू लागला. "व्हय जी."

पुवाची आली नव्हती एवढी किळस मला त्या 'व्हय जी'ची आली. बापाची नाही. ज्यांनी ते शब्द त्याच्या तोंडात कोंबले त्यांची. मी दावं हिसकावलं आणि ओट्यावर फेकलं.

"न्हाई न्हेनार. ज्याचं ढोर त्यानं वढावं."

"पोरी, गप," बाप पुटपुटला.

पाटील उभा राहिला. त्याच्या मानेची शीर टरारून फुगली. मी तिच्याकडं बघत राहिले. मान खाली घातली नाही.

"गावात ऱ्हायचं न्हाई का?"

"ऱ्हायचंय. ढोर वढायचं न्हाई."

त्या संध्याकाळपासून गावानं महारवाड्याला घरोघर मिळणारी भाकरी तोडली. आम्ही पाला शिजवून खाल्ला. शेजारणी मला शिव्या द्यायच्या, आणि त्यांची लेकरं भुकेनं रडायची. बैल तसाच उघडा पाटलाच्या परड्यात पडून होता. वास वेशीपर्यंत यायचा.

चौथ्या दिवशी पाटलाचा गडी निरोप घेऊन आला. नाकाला धोतराचा सोगा. "पोरीनं माफी मागावी. भाकरी चालू करतो म्हनले."

पोटात आग पडली होती. बाप माझ्याकडं बघत होता.

"माफी पाटलानं मागायची," मी म्हणाले. "माज्या बापाची. त्याच खुंट्यापाशी. तवर बैल तितंच सडंल."