बोटभर उंचीचं वाळुंज

उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर माझी मुलगी मुक्ता वनस्पतींचा अभ्यास करते. तिला कायमचं घरी आणायचं, असं ठरवूनच मी तिकडे गेले होते. एका दुपारी तिने मला माळावर गुडघे टेकायला लावले आणि शेवाळ्यातून डोकावणारी नखाएवढी पानं दाखवली.

"आई, हे वाळुंज. आपल्या नदीकाठी असतं ना, त्याचंच भावंड."

"एवढंसं? रोप असेल."

"झाड आहे. वयाने माझ्याहून मोठं असेल."

पेन्सिलीएवढं खोड जमिनीलगत आडवं पसरलं होतं. उंच वाढलं तर वारा त्याला सुकवून टाकतो, आणि खाली राहिलं की हिवाळाभर बर्फ त्याला पांघरूण घालतो, असं मुक्ता सांगत होती. लवदार तुऱ्यावर एक माशी निवांत बसली होती. मघाशी मला त्या झाडाची कीव आली होती. आता वाटलं, नदीकाठ त्याने कधी मागितलाच नसेल. मी मान वर करून मुक्ताकडे पाहिलं.

"काही बोलायचंय का, आई?"

"तुझ्या खोलीत रात्रभर ऊन येतं," मी म्हटलं. "मी घरी गेल्यावर जाड पडदे शिवून पाठवते."