जानूच्या जपानी कुंड्या

मला लिहिण्याची सवय नाही. चार ओळी लिहिल्या की तीन खोडाव्याशा वाटतात. तरी जानू शिवलकरबद्दल लिहावं असं गेल्या वर्षापासून मनात आहे. मांडवीत आमची घरं शेजारी-शेजारी आहेत, आणि तो किती घाबरला होता हे बहुधा मीच सगळ्यात जवळून पाहिलं.

जानूची उभी हयात मालवाहू बोटींवर गेली. बोट जपानला नागोयाला लागली की बाकीचे खलाशी घड्याळं, टेपरेकॉर्डर घ्यायचे. जानू मातीच्या कुंड्या आणायचा. तिथून जवळ टोकोनामे नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथली जुन्या सामानाची दुकानं त्यानं हेरून ठेवली होती. बोन्सायच्या, ताटलीसारख्या उथळ, हातानं घडवलेल्या आणि झिलई न दिलेल्या कुंड्या. रंग आपल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यासारखा, मध्येच करपलेला. तळाला कुंभाराचा शिक्का. मला त्यातलं काही कळत नसे. एकदा म्हणालो, "जानू, ही तर मडक्याचीच माती." त्यानं माझं बोट धरून कुंडीच्या कडेवरून फिरवलं.

"लागतंय काय हाताला? कुणीतरी जन्मभर रोज पाणी घालून पुसलीय ही. ही लकाकी नवीन कुंडीला येत नाय, अप्पा."

त्याची बायको हिरावहिनी. त्यांनी एकदा त्यातल्या सगळ्यात जुन्या कुंडीत कोळंबीचे सोडे वाळत घातले होते. जानू कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. "जपानी वास जरा जाऊं दे म्हटलं," वहिनी मला म्हणाल्या.

नोकरी संपल्यावर त्यानं मोजक्या कुंड्यांत झाडं लावली. एक करवंद, एक चिंच, आणि त्या सगळ्यात जुन्या कुंडीत वड. बंदराजवळच्या चिऱ्याच्या भिंतीत उगवलेलं रोप होतं ते. अधूनमधून मुळं छाटायची आणि परत त्याच कुंडीत बसवायचं. वड वीतभरच राहिला, पण त्याला पारंब्या फुटल्या. ओट्यावर ठेवून जानू त्याच्याकडे बघत बसायचा.

गेल्या वर्षी त्याची सून रुचिरा गरोदर होती. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरीच राहिली. मुलगा केतन बापासारखाच बोटीवर. सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ हवी तशी होत नाही. दर आठवड्याला दाखवायला या.

ते ऐकून हिरावहिनींची बहीण गोदा पावसहून आली. ओट्यावरच थबकली.

"ह्यो वड काय?"

"वडच," जानू म्हणाला.

"आणि येवडासा?"

"मुळं छाटतो मी त्याची."

गोदानं वाकून पारंब्यांना बोट लावलं. "ज्याला आम्ही सूत गुंडाळतो, तो तुमी ताटलीत कोंडलात, भावोजी. वर त्याची मुळं कापता. आणि सुनेच्या पोटातलं वाढत का नाय, ते डॉक्टरला विचारता."

"जपानात घरोघरी असतात. तिकडे काय पोरं होत नाय?"

"तिकडलं तिकडं. तिकडं मासे पण कच्चे खातात."

आम्ही सगळे हसलो. जानूही हसला, पण त्याचं हसू लगेच विझलं.

आमच्याकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे वडामुळंच का, ते कौल लावून विचारू, असं हिरावहिनी म्हणाल्या. जानूनं साफ नकार दिला. बोटीवरचा माणूस, असलं काही मानत नसेल असं मला वाटलं. संध्याकाळी आम्ही जेट्टीवर बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, उजवी पडली तर? म्हणजे नातवंडाची मुळं मीच छाटली. तसं कळल्यावर मी त्या घरात राहू कसा?"

"डावी पडेल."

"पडू दे. माझा विश्वास बसंल काय तिच्यावर?"

समुद्रावरची वादळं तो मीठ-मिरची लावून सांगायचा. त्या दिवशी त्याला विडी पेटवता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं वड कुंडीतून काढला आणि परसात लावला. खाली कातळ. पहारीनं फोडून त्यानं खड्डा केला. कुंड्या गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सारल्या. मे महिना होता. एरवी त्या उन्हात तो कुणाला झाडाच्या मुळाला हात लावू द्यायचा नाही. पण त्याला वड मोकळा करायची घाई झाली होती.

आठवडा व्हायच्या आत वडाची पानं पिवळी पडायला लागली.

आता भीती दुप्पट झाली. कुंडीत होता तेव्हा बाळाची वाढ खुंटत होती. आता झाड मेलं तर? त्यानं वर गोणपाटाची सावली केली, पहाटेपासून पाणी घातलं. गळलेली पानं घरात कुणाला दिसू नयेत म्हणून उचलून खिशात टाकायचा. मी शिकलेला माणूस, पण दात घासायच्या निमित्तानं मीही रोज कुंपणाशी जाऊन पानं बघायला लागलो. आमची नजरानजर झाली की दोघंही दुसरीकडे बघायचो.

एका दुपारी रुचिरा भिंतीला धरत-धरत परसात आली. मी कुंपणाच्या अलीकडे होतो.

"बाबा, जगेल का हे?"

"जगंल. का नाय जगणार?"

"मग खिशात पानं कसली आहेत?"

जानूनं खिशावर हात ठेवला.

"गोदामावशी काय म्हणाल्या ते मी ऐकलंय. तेव्हापासून घरात माझ्याकडे कोणी बघत नाही. आई बोलतात त्या भिंतीशी. तुम्ही इथे. मी रात्रंदिवस पोटावर हात ठेवून पडते, ते हलतंय का बघत. एकटीच." "मला पण भीती वाटते, बाबा."

जानूनं हातातली कळशी खाली ठेवली. धोतराला हात पुसले आणि तिच्यामागून आत गेला. त्यानंतर तो तिच्या खाटेजवळ बसायला लागला. बाळ हललं की ती सांगायची, "हललं," आणि तो म्हणायचा, "बरं झालं." एवढंच बोलणं माझ्या खिडकीतून ऐकू यायचं. भीती गेली नव्हती, पण निदान ती दोघांत वाटली गेली होती.

वड मेला. त्याची उघडी काडी सगळ्यांनी पाहिली. त्याच आठवड्यात रुचिराच्या कळा दिवसांआधीच सुरू झाल्या. रिक्षात जानू पुढे बसला होता. मागे वळून बघायची त्याची छाती होत नव्हती.

मुलगी झाली. रडली, पण फार लहान. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जानू दारातच उभा राहिला, जवळ जाईना. माझ्या मनातही परसातली काडीच होती, हे लिहायला लाज वाटते.

काही दिवसांनी बाळाला ऊब देण्यासाठी छातीशी धरायला सांगितलं. रुचिराला ताप होता, हिरावहिनी घरी डबा करायला गेलेल्या. दर्शना नावाची नर्स बाहेर, जानू आणि मी बसलो होतो तिथे आली.

"आजोबा, हात धुवा आणि सदरा काढा."

"मी? नको ओ. माझ्यामुळं काय झालं तर?"

"तुमच्यामुळं ऊब मिळंल. चला, मला बाकीची कामं पण हायत."

खुर्चीत बसवून तिनं मुलीला त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून चादर बांधली. काचेतून मला तिच्या डोक्याचा तेवढा भाग दिसत होता. जानूचे डोळे विस्फारलेले, मान ताठ, अंगातला एकही स्नायू हलत नव्हता.

"श्वास घ्या, आजोबा," दर्शना म्हणाली. "तुमचा चालू असला की तिला बरं वाटतं."

जानूनं अगदी सावकाश श्वास घेतला.