दिवसातून तीन वेळा

"मॅडम, मी परतवाड्याले निघालो. गाडीत बसलो. संग चार पोट्टे हायेत."

फोनवर गजूभाऊ होते. बाळापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांची नर्सरी. संत्रा, लिंबू, गुलाब, मोगरा, सगळी रोपं. मी अमरावतीला, राजकमल चौकाजवळच्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात चहाचा पहिला घोट घेत होते.

"आधी उतरा गाडीतून," मी म्हटलं.

"काहून उतरू? तुमीच तर सांगतलं, कोनीतरी मुद्दाम क्लिक करून राहिलं म्हनून. मुद्दाम कोन करन? थोच करन, परतवाड्याचा नर्सरीवाला. मागच्या साली माहे संत्र्याचे गिऱ्हाईक त्यानंच पळवले."

हे मीच सांगितलं होतं, ते खरं. तेव्हाची मी फार सांगत असे.

तेव्हाच्या त्या बाईची ओळख करून देते. वय चौपन्न. तीस वर्षं एका दैनिकात छोट्या जाहिराती घेण्यात गेलेली. 'घर भाड्याने देणे आहे', 'म्हैस हरवली आहे'. मग नागपूरला दोन दिवसांचा कोर्स करून आली आणि कार्डं छापून घेतली: डिजिटल ग्रोथ कन्सल्टंट. पाचशे कार्डं. त्यातली साडेचारशे अजून माझ्या कपाटात आहेत, नात त्यांच्यामागे चित्रं काढते. ही बाई दर दुसऱ्या वाक्यात 'डेटा बोलतो' म्हणायची. डेटा बोलत असेलही. बाई ऐकत नव्हती.

काम साधं होतं. गजूभाऊंची वेबसाइट आम्ही नवी केली होती आणि तिच्यावर माणसं आणायची होती. माणसं साइटवर आली, रोपं पाहिली, की खालचं बटण दाबून फोन करतात. माणसं आणायला जाहिरात. कोणी पंचांगाचं अ‍ॅप उघडलं, भजन लावलं, बातमी वाचली, की मध्ये एक चौकोन येतो ना, ती आमची जाहिरात. नुसती दिसली तर पैसे नाहीत. कोणी बोट लावून साइटवर आलं, म्हणजे क्लिक झाला, तर पैसे. रोज किती खर्चायचे ते आधी ठरवायचं. तेवढे संपले की जाहिरात त्या दिवसापुरती बंद.

गजूभाऊंची जाहिरात रोज सकाळी अकरालाच बंद पडत होती. पैसे संपलेले, फोन एकही नाही.

आणि दिवस मृगाच्या तोंडावरचे. नर्सरीवाल्याचं वर्ष याच दोन महिन्यांत असतं. रोपं पिशवीत ठेवून ठेवून किती ठेवणार? मुळं पिशवी फोडून खालच्या जमिनीत शिरतात, मग उचलताना तुटतात. वडील वारले त्यानंतरचा गजूभाऊंचा हा पहिलाच सीझन. बाबांशिवाय धंदा झेपतो का, हे सारं गाव पाहत होतं.

मी रिपोर्ट काढला. बहुतेक क्लिक अकोला जिल्ह्यातून. एकाच जातीच्या फोनवरून. पहाटे पाचपासून सुरू. अधूनमधून एखाद्या दिवशी सकाळी खंड पडला आणि पैसे उरले, तर दुपारी जेवणानंतर थोडे, मग एक ते तीन काही नाही, मग पुन्हा. मी निदान केलं: स्पर्धक. आमचे पैसे जाळायला कोणाला तरी बसवलंय. "दुपारी झोपतो म्हणजे शिस्तीचा माणूस आहे," असंही मी म्हटलं होतं. आणखी एक गोष्ट रिपोर्टात होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही. तो चोर दर खेपेला 'आमच्याविषयी' या पानावर जायचा आणि तिथला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायचा. पैसे जाळणारा माणूस कशाला थांबेल? पण मला चोर सापडला होता. सापडलेला चोर कोण सोडतं?

"गजूभाऊ, उद्या मी येते. पुराव्यानिशी पकडू. तोवर परतवाडा नाही."

"तुमी येता म्हनून थांबतो," ते म्हणाले. मागून चारही पोट्ट्यांचा हिरमुसलेला आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून मूर्तिजापूरवरून अकोला, तिथून बाळापूरची एसटी; अकराच्या आत पोचले. नर्सरीत पत्र्याखाली टेबल टाकलेलं. मी लॅपटॉप उघडला. साइटवर या घडीला किती माणसं आहेत, हे दाखवणारं एक पान असतं. त्या पानावर शून्य होतं. गजूभाऊ माझ्या मागे उभे, हात पाठीशी बांधलेले. मी बोट वर करून म्हटलं, "आता पाहा. डेटा बोलतो."

शून्याचा एक झाला.

आणि हौदाच्या पलीकडून आवाज आला. "राम राम मंडळी. रोप घ्या, पन आंगन पाहून घ्या. खड्डा आधी खंदा, मंग रोप न्या. रोपाले खड्ड्याची वाट पाहाले लावू नका."

गजूभाऊंचे हात सुटले. "बाबा," ते म्हणाले. मोठ्यानं नाही.

तो आमच्याच साइटवरचा व्हिडिओ. बाबा असताना गजूभाऊंनी मोबाईलवर सहज काढलेला. मी तो 'आमच्याविषयी'मध्ये टाकला होता आणि त्यातलंच एक चित्र, पांढरी टोपी आणि हातात संत्र्याचं कलम, जाहिरातीवर लावलं होतं. गजूभाऊंना विचारलं होतं. त्यांच्या आईला विचारायचं असतं, हे कोर्समध्ये नव्हतं.

हौदामागे गजूभाऊंच्या आई, वच्छलाबाई, बसल्या होत्या. पालथ्या घमेल्यावर. पिशव्यांत माती भरत होत्या आणि मातीच्या ढिगाला टेकवून फोन ठेवला होता. आम्हाला पाहताच फोन पदराखाली गेला.

"काय पाहून राहिली वं मा?"

"काई नाई. भजन."

भजनात खड्डा खणायला सांगत नाहीत.

प्रकार असा होता. साइट सुरू झाली त्या दिवशी गजूभाऊंनी आईला तिच्याच फोनवर ती एकदा उघडून दाखवली. एकदाच. आणि मी जाहिरातीत एक सोय लावून ठेवली होती, तिला रिमार्केटिंग म्हणतात. म्हणजे दुकानात येऊन काही न घेता गेलेल्या गिऱ्हाइकाच्या मागे दुकानदारानं गावभर फिरायचं. ते पंचांग उघडो, भजन लावो, हा पुढे हजर. एका माणसाला दिवसातून किती वेळा दिसायचं याची मर्यादा घालायला तिथे एक रकाना असतो. तो मी रिकामा सोडला होता. त्यामुळे वच्छलाबाईंनी फोनवर काहीही उघडलं की पांढरी टोपी घालून, हातात कलम घेऊन त्यांचा नवरा समोर येत होता. त्या बोट लावत होत्या. तो बोलत होता.

माझा चोर सापडला.

"बंद करा थे," गजूभाऊ गेटपाशी म्हणाले. त्यांचे डोळे दुसरीकडे होते. "पन तिले काई सांगू नका."

मी एसटीतच काम उरकलं. घर-नर्सरीच्या वायफायचा नंबर जाहिरातीतून वगळला, की तिथे ती दिसत नाही. पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवसापासून पैसे संध्याकाळपर्यंत पुरू लागले. फोन यायला लागले. बुलढाण्याहून, वाशिमहून, एक तर वर्ध्याहून. गाड्या भरून रोपं गेली. मी गजूभाऊंना हिरव्या बाणांचा रिपोर्ट पाठवला आणि जाड अक्षरात लिहिलं: वाया जाणारे क्लिक थांबवले. त्या संध्याकाळी घरी लॅपटॉप मांडीवर घेऊन तो हिरवा बाण मी किती वेळ पाहिला असेल! आमचे हे दारात येऊन म्हणाले, "जेवायचं का?" मी म्हटलं, पाच मिनिटं. पुन्हा आले. पाच मिनिटं. तिसऱ्यांदा आले, तेव्हा मान वर न करता हातानंच थांबा म्हटलं.

बाराव्या दिवशी वच्छलाबाई माझ्या ऑफिसात आल्या. एकट्या. दोन एसट्या बदलून, पत्ता विचारत. हातात पिशवी, पिशवीत मोगऱ्याचं रोप. रोप माझ्या टेबलावर ठेवलं, पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "बाई, थो येत नाई आता."

"कोण?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी.

"गजूचा बाप. बारा दिवस झाले. तुमी बंद केलं काय त्याले?"

मी त्यांना समजावू लागले. रिमार्केटिंग, क्लिक, रोजचे ठरलेले पैसे. त्यांनी सगळं नीट ऐकलं. बारा वर्षं शाळेत गेलेल्या कितीतरी क्लायंटांपेक्षा नीट.

"म्हंजे मी बोट लावलं का गजूले खर्च?"

"हो."

"अन् नुसतं पाह्यलं तं?"

"नुसतं पाहिलं तर नाही."

"मंग सांगाचं होतं ना मले! मी कायले बोट लावलं असतं? बोलनं तं चाळीस वर्सं ऐकलं त्याचं. नुसता दिसला तरी पुरे होता."

मला हसू आलं आणि लाज वाटली, दोन्ही एकदम. तरी माझ्यातली ती कन्सल्टंट बाई गप्प बसेना. "आणा फोन," ती म्हणाली. "मी इथे समोरच त्यांचा व्हिडिओ ठेवून देते. वाटेल तेव्हा पाहा. एक रुपया खर्च नाही."

वच्छलाबाईंनी फोन दिला नाही. हातातच धरला.

"थे नको. थो तं फोटो झाला. फोटो भितीवर बी हाये, हार घालून. थ्याच्याकडे मले जा लागते." त्यांनी फोन पदराला पुसला. "हा येत होता, बाई. मी कामात असो, पंचांग पाहो, का कायले बी फोन उघडो, हा आपला मधातच येऊन उभा. जिता होता तवा बी असाच. सांगून कदी आला नाई."

खाली चौकात रिक्षावाले ओरडत होते. मी लॅपटॉपवर जाहिरातीचं पॅनल उघडलं. वगळलेला नंबर पुन्हा आत घेतला असता तर पुन्हा दिवसभर तोच धुमाकूळ झाला असता, म्हणून एक वेगळी छोटी जाहिरात केली. नकाशावर त्यांच्या घराभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ. चित्र तेच, टोपी आणि कलम. मग तो रकाना आला, एका माणसाला दिवसातून किती वेळा. या खेपेला मी विचारलं.

"किती वेळा यावं त्यांनी?"

वच्छलाबाईंनी खरंच हिशेब केला. बोटांवर मोजून.

"नर्सरीतून घरात तीनदाच ये थो. चहाले, जेवाले, झोपाले. तीन कर. जास्त आला तं मले बी काम हायेत."

मी तीन टाकलं. "पण एक सांगते, हे मशीन आहे. कधी दोनदाच येतील, कधी एकदाही नाही."

"सीझनमधे तसाच करे," त्या म्हणाल्या आणि उठल्या. बस स्टँडपर्यंत मी सोडायला गेले. एसटीत चढल्यावर त्या खिडकीतून ओरडल्या, "मोगऱ्याले ऊन लागू दे! ऑफिसात कोंडू नको!"

त्या छोट्या जाहिरातीला मी पॅनलमध्ये नाव दिलं 'आई ३'. महिनाअखेरीच्या रिपोर्टात ती ओळ दिसायचीच. गजूभाऊंनी फोन केला.

"मॅडम, हे कायचं हाये?"

"ब्रँडिंग," मी म्हटलं.

त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं, 'आई ३'. मग म्हणाले, "चालू द्या ब्रँडिंग."

ते चालू आहे. गजूभाऊंचा धंदा आता मोठा झालाय, जाहिरातीची चित्रं चारदा बदलली, साइट दोनदा. टोपीवालं चित्र फक्त त्या एक किलोमीटरात दिसतं. त्याच्यावर क्लिक पडत नाहीत. दरवर्षी पितृपक्षात एक पडतो. एकच.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. इतरांचे चेहरे जाहिरातीत लावण्यात माझी इतकी वर्षं गेली आणि यांचा एक व्हिडिओ माझ्याकडे नाही. लग्नातले फोटो आहेत, ते भिंतीवर. फोन उघडला की माझ्या मागे फिरतात ते गुडघ्याचे पट्टे आणि चारधामच्या बसगाड्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात असताना दारात कोणी आल्यासारखं वाटलं, तर मी आता लगेच मान वर करते.

मोगरा मात्र चांगला वाढलाय. ऑफिस सोडलं तेव्हा घरी आणला.

हे काम शिकायला अजून पोरीबाळी येतात. त्यांना मी एवढंच सांगते की दिवसातून किती वेळा, तो रकाना रिकामा सोडू नका. मी स्वतः सगळ्यांच्या जाहिरातींना तीन टाकते. सिमेंटवाला असो की साडीवाला. क्लायंट विचारतात, तीनच का? मी सांगते, अनुभव आहे.