कॅसेट आणा, वाटी न्या

"फुंकर मारायची न्हाई!"

आमच्या घोडेगावच्या बाजारपेठेत ज्याने ही आरोळी ऐकली नाही, त्याने टीव्हीवरचा गेम खेळलाच नाही असं खुशाल समजा. तुम्ही त्या काळातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. टीव्हीला जोडायचा तो डबा, त्याच्या पाठीत खुपसायची पिवळी नाहीतर काळी कॅसेट, आणि चालली नाही की ती उपसून तिच्या तोंडात मारायची जोरदार फुंकर. सगळे मारायचे. मीही मारायचो, आणि मी तर टीव्ही दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. पण माझ्या दुकानात कुणी गाल फुगवलेले दिसले की समोरच्या भांड्यांच्या दुकानातून भाभी उठून यायच्या आणि कॅसेटवर सरळ आपला तळहात ठेवायच्या.

हवेतही जीव असतात आणि फुंकरेने ते मरतात, हे त्यांचं म्हणणं. त्या स्वतः मऊ ब्रशने कॅसेट साफ करत. मी मनातल्या मनात हसायचो. दोन-तीन वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या कॅसेटींच्या पिनांवर थुंकीने हिरवट गंज चढायला लागला. भाभींच्या कॅसेटींच्या पिना मात्र लखलखीत. मग मी हसायचं बंद केलं आणि एक ब्रश आणला.

सगळा बाजार त्यांना भाभी म्हणायचा, म्हणून मीही. त्यांच्या सासरचे कुणी पणजोबा राजस्थानातून इकडे आले आणि इथेच रुजले. नवरा लवकर गेला. दुकान दीर चालवायचे, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. दुकानात भाभींचा अर्धा हिस्सा होता आणि ही गोष्ट त्या शेठना फारशी विसरू देत नसत. जैन घरातली बाई, उपास-तापास कडक, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण. भांडायला लागल्या की मात्र अस्सल आमच्या गावच्या.

गेमचा नाद लागला तो मोडीतून. भांड्यांच्या दुकानात लोक फुटकी पितळ, चेपलेली भांडी मोडीत घालतात आणि नवं नेतात. ९६-९७ च्या सुमारास पेठ गावच्या एका माणसाने मोडीच्या पोत्यात असाच एक गेम आणून टाकला. शेठनी तो बाजूला भिरकावला. भाभींनी उचलला, टोपात घातला आणि माझ्याकडे आणला.

"भाऊ, हे जितं हाय का बघा."

जितं होतं. एक वायर सुटली होती, ती मी जोडली. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, त्याला तो लावून दिला. पहिल्या कॅसेटमध्ये माणूस धडाधड गोळ्या घालत सुटला. भाभींनी रिमोट खाली ठेवला आणि मला विचारलं, "ह्यात मरतं का कोण?"

मी म्हटलं, "भाभी, सगळेच मरतात. गेम आहे तो."

"मंग न मरणारा आणा."

मी पुण्याला सामान आणायला जायचो तेव्हा हा प्रश्न दुकानदारांना विचारायचो आणि ते माझ्याकडे वेड्यासारखे बघायचे. कुणीही न मरणारा गेम! लोक दुर्मिळ म्हणून कायकाय जमवतात. पण मी तुम्हाला सांगतो, त्या काळी याहून दुर्मिळ वस्तू नव्हती. भाभींना ते कळलं आणि तिथेच त्या पेटल्या. दुकानाच्या दारात खडूने पाटी लिहिली: कॅसेट आणा, वाटी न्या.

पुढे घरोघरी मोबाईल आणि कॉम्प्युटर शिरले, तसे ते जुने गेम अडगळीत पडले आणि पाटीला बरकत आली. शिनोलीच्या, पेठच्या बायका बाजाराला येताना पदराखालून कॅसेट काढायच्या आणि स्टीलची वाटी घेऊन जायच्या. माळ्यावर धान्याचे तीन मोठे डबे होते. एकावर लिहिलेलं 'मारतात', दुसऱ्यावर 'मारत नाहीत' आणि तिसऱ्यावर 'संशय'. पहिला शिगोशीग भरला. दुसऱ्यात नऊ-दहा. खरी मजा तिसऱ्यात होती. एका गेममध्ये फुगे बांधून उडणारी माणसं होती, फुगा फुटला की माणूस पाण्यात पडायचा. तो बुडतो की पोहून जातो, यावर भाभींनी मला आठवडाभर छळलं. दुसऱ्या एकात नुसती फळं वेचायची होती, म्हणून तो 'मारत नाहीत'मध्ये गेला. महिनाभर खेळल्यावर शेवटच्या पायरीला एक अस्वल आलं आणि त्याला मारल्याशिवाय गेम संपेना. भाभींनी त्या दिवशी उपास केला. तेव्हापासून नियम ठरला: शेवट डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठलीही कॅसेट संशयातून बाहेर काढायची नाही.

बाजार काय बोलायचा ते विचारू नका. पन्नाशीची विधवा बाई माळ्यावर बसून गेम खेळते, म्हटल्यावर रिकामटेकड्यांना वर्षभराची सोय झाली. पानटपरीवरच्या एकाने त्यांना तोंडावरच विचारलं, "भाभी, ह्या वयात गेम?"

"तुमी ह्या वयात दिवसभर टपरीला टेकून हुबे ऱ्हाता," भाभी म्हणाल्या, "मी कदी इचारलं का?"

मग एकदा आहुप्याची बाई आली. डोंगरातून हिरडा विकायला खाली यायची, पंचेचाळीशीची, काटक. तिचा भाऊ मुंबईत जुन्या सामानाच्या गोदामात होता, त्याने दिलेली एक कॅसेट तिच्या पिशवीत होती. घरात टीव्हीच नव्हता, तिला त्या कॅसेटचा उपयोग काय! कॅसेटवर चिठ्ठी नाही, चित्र नाही, काही नाही. आम्ही तिघं माळ्यावर गेलो आणि मी ती लावली.

पडद्यावर एक डोंगर. खाली झरा, वर माथ्यावर एक काडी. पाठीला बाक आलेली एक बाई झऱ्यावर घागर भरते, डोंगर चढते, काडीला पाणी घालते. एक पान फुटतं. बाई खाली उतरते. पुन्हा घागर. घाई केली तर पाणी सांडतं, बस, तेवढीच काय ती शिक्षा. ना शत्रू, ना गुण, ना घड्याळ. अधूनमधून कुठल्यातरी परक्या लिपीत दोन ओळी यायच्या आणि जायच्या.

आहुप्याची बाई बघत राहिली. म्हणाली, "ह्यो खेळ व्हय? उन्हाळाभर आमी दुसरं काय करतो?"

भाभी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग रिमोट तिच्या हातात दिला. तिने जपून, न सांडता एक घागर वर नेली. पान फुटलं तेव्हा ती माझ्याकडे बघून लाजली. खाली आल्यावर भाभींनी वाटी दिली नाही, फळीवरची पाण्याची मोठी कळशी काढून दिली. शेठच्या देखत.

त्या कळशीवरून घरात जे पेटलं ते विझलंच नाही. शेठ वाईट नव्हते, पण लोक काय म्हणतात हे त्यांना फार ऐकू यायचं. "कचरा जमवून घर हसं करताय तुम्ही," ते म्हणाले. भाभींनी उत्तर दिलं, "माझ्या हिश्श्याची कळशी हाय. आन् ह्याचा शेवट बघितल्याबिगर मी मरणार न्हाई."

हा शेवट काही सोपा नव्हता. ज्या काळात गेम बंद केला की सगळं पुसून जायचं, त्या काळातली ती कॅसेट. आणि आमच्याकडे लोडशेडिंग! भाभी पंचवीस पानांपर्यंत पोचायच्या, लाईट जायची, रोप जायचं. पुन्हा काडी. एकदा तेहतीस, एकदा चाळीस. प्रत्येक पानाला त्या संशयाच्या डब्याच्या झाकणावर खडूची रेघ ओढायच्या आणि लाईट गेली की ओल्या फडक्याने पुसायच्या. "पुन्हा," एवढंच म्हणायच्या. शेवटी मलाच बघवेना. मी त्या गेमला दोन बॅटऱ्या बसवून दिल्या. एक उतरली की दुसरी लावायची आणि मगच पहिली काढायची, म्हणजे मधे क्षणभरही खंड नाही. टीव्ही बंद असला तरी चालेल, आतलं रोप जगतं.

याच सुमारास पुण्याहून एक पोरगेलासा गृहस्थ आला. जुने गेम जमवणारा. त्यानेही असली कॅसेट कधी पाहिली नव्हती. मागाल ते देतो म्हणाला. भाभींनी विचारलं, "तुमी कॅसेट साफ कशी करता?" त्याने दुसरी एक कॅसेट उचलली आणि सवयीने फुंकर मारली. संपला व्यवहार. त्याला चहा मात्र दिला.

त्या वर्षी चातुर्मासाला गावात साध्वीजी आल्या होत्या. मी जैन नाही, पण जैनांच्या स्थानकात प्रवचनाला कुणीही बसावं. साध्वीजी म्हणाल्या, चार महिन्यांसाठी प्रत्येकाने आपल्या आवडीची एक गोष्ट सोडावी. शेठनी उभं राहून दुधी भोपळा सोडला. मग बसायच्या आधी भरल्या सभेत म्हणाले, "आणि आमच्या भाभींनी तो गेम सोडावा."

सगळ्या माना वळल्या. मला शेठचा असा राग आला म्हणून सांगू! भाभी उठल्या, हात जोडले.

"सोडते. कार्तिकी पौर्णिमेपातुर हात लावणार न्हाई. पण साध्वीजी, ह्यांनी दुधी आजवर कदी खाल्लाच न्हाई. ह्यांना पत्ते आवडतात."

बायकांच्या बाजूने हशा उसळला. साध्वीजींनाही हसू आवरलं नाही. शेठना पत्ते सोडावे लागले.

दुकानात परतल्यावर शेठ माळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मग आता ते बंद करा."

"बंद करायला हात लावावा लागतो," भाभी म्हणाल्या. "माझा नियम हाय. मी लावणार न्हाई."

"वीज जळते ती पण हिंसाच आहे!"

"दुकानावरची लाईटची पाटी बी जळती रोज. ती इझवा आदी."

अशी ती पैज लागली. पडदा काळा, गेमवरचा लाल दिवा तेवढा चालू, संशयाच्या डब्याच्या झाकणावर खडूच्या एकसष्ट रेघा. मी रोज सकाळी जाऊन बॅटरी बदलायचो. भाभी जिन्याखाली उभ्या राहून विचारायच्या, "लाईट हाय का?" मी "आहे" म्हणायचो. त्या वर पाऊलसुद्धा टाकत नसत. ज्या बाईला ती कॅसेट दिवसरात्र डोळ्यांपुढे दिसत होती तिने जवळपास तीन महिने तिच्याकडे पाहिलंही नाही. हट्ट मी पुष्कळ पाहिलेत, असा नाही पाहिला.

दसऱ्याच्या आधी त्यांना ताप आला. तो छातीत उतरला. मंचरला दवाखान्यात नेलं, मी भेटायला गेलो. आवाज पार बारीक झाला होता. मला वाटलं काही निरवानिरव करतील. त्या म्हणाल्या, "लाईट हाय का?"

"आहे."

"रोप?"

"आहे, भाभी."

"मंग जा. बॅटरी बदलायची येळ झाली."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आठवड्याने शेठ स्वतः मला घेऊन माळ्यावर गेले. "आता काढून टाक सगळं. मोडीत घालू." मी म्हटलं, "शेठ, त्यांचा नियम पौर्णिमेपर्यंत आहे. मी तर बंद करणार नाही. त्यांचा शब्द मोडायचा असेल तर बटण ते समोर आहे, हात तुमचा." माझा आवाज चढला होता. शेठनी हात पुढे केला. लाल दिव्यापाशी तो बराच वेळ थांबला. मग ते जिना उतरले आणि मी बॅटरी बदलली.

पौर्णिमा झाली. नंतरच्या बाजाराला आहुप्याची बाई आली, भाभींसाठी नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. तिला काहीच माहीत नव्हतं. शेठनी सांगितलं तशी ती दुकानाच्या पायरीवर बसली. गाठोडं मांडीवर घेऊन तिने विचारलं, "वर ते चालू हाय का?"

कुणी तिला अडवलं नाही. मी टीव्ही लावला. इतक्या महिन्यांनी पडदा उजळला. डोंगर होता, रोप होतं, आणि पाठीला बाक आलेली ती बाई झऱ्यापाशी, भाभींनी सोडली होती तिथेच, भरली घागर घेऊन उभी होती.

"हिचं पाणी घालायचं ऱ्हायलंय की," आहुप्याची बाई म्हणाली. तिने रिमोट घेतला आणि न सांडता, सावकाश, घागर वर नेली. बासष्टावं पान फुटलं. तिने खडू उचलून झाकणावर रेघ ओढली आणि बाईला पुन्हा खाली आणलं. एस. टी. ची वेळ होईपर्यंत ती नेत राहिली. निघताना जिन्याशी शेठ उभे होते.

"शेठ, बंद करू नगा," ती म्हणाली. "आजून शेवट आला न्हाई. फुडल्या बाजारी येते म्या."

शेठनी मान डोलावली. मी दुसरी बॅटरी चार्जिंगला लावायला खाली उतरलो.