दुरुस्ती न छापणारं साम्राज्य

सुधाकर साळवे गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि कार्यालयात बैठक सुरू व्हायची होती. "बाबा पहाटे गेले, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मग वय, घरचा पत्ता, अंत्यविधीची वेळ तिने मी न विचारताच सांगितली. वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाच्या घरी हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी लिहून घेतलं, बातमी करायला दिली आणि बैठकीला गेलो. आता दीड महिना झाला. त्या दिवशीच्या बातमीत न मावलेलं काही इथे लिहितो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो, तेव्हा साळवे जिल्हा पानाचे प्रमुख होते. तालुक्यांच्या वार्ताहरांचे लिफाफे एसटीने येत. ते फोडायचे, बातम्या नीट करायच्या आणि संध्याकाळी साडेसातला पान छपाईला सोडायचं, असं काम होतं. साळवेंच्या टेबलावर शब्दकोशाशेजारी मुखपृष्ठ फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक असे. पंचवटीतल्या एका रद्दीवाल्याकडून आणलेलं. विषय, प्राचीन असिरिया. इतिहासाचं दुसरं काहीही ते वाचत नसत. सत्तावीसशे वर्षांपूर्वी इराणपासून इजिप्तपर्यंत दरारा असलेलं हे साम्राज्य त्यांना पाठ होतं. लोखंडी हत्यारांचं सैन्य, तटाला भगदाड पाडणारी यंत्रं, जिंकलेल्या लोकांना गावंच्या गावं उठवून दूर नेऊन वसवणं, आणि टप्प्याटप्प्यावर ताजी खेचरं ठेवून चालवलेली टपाल व्यवस्था. या शेवटच्या गोष्टीवर ते नेहमी थांबत. "तलवार सगळ्यांकडेच होती. यांच्याकडे टपाल होतं," असं त्यांचं मत होतं.

पण त्यांना खरा रस होता तो या राजांच्या लेखांमध्ये. राजवाड्याच्या भिंतींवर, मातीच्या पोकळ, अनेक बाजूंच्या लोलकांवर दरवर्षीच्या मोहिमा कोरलेल्या. त्यांत पराभव कुठेच नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक उतारा वाचायला दिला. राजा सांगतो, मी जेरुसलेमला वेढा घातला, तिथल्या राजाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला, एवढी खंडणी घेतली.

"काय समजलं?" साळवेंनी विचारलं.

"जिंकला."

"शहर घेतलं असं म्हणतो का कुठे? आसपासची सेहेचाळीस गावं घेतली म्हणून मोजतो. मग हेच कसं राहिलं?" आणि समोरचं एक सरकारी पत्रक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता हे वाच. तस्संच वाच."

त्या काळात त्यांच्या हाताखाली तयार झालेले आम्ही सगळे पत्रकं अशीच वाचायला शिकलो. काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते आधी बघायचं. याच राजांना त्यांच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली पत्रंही मातीच्या वड्यांवर सापडली आहेत. त्यांत बर्फाने अडलेला रस्ता असतो, पळालेले मजूर असतात, न आलेलं धान्य असतं. "भिंतीवर लिहिलंय ते पत्रक, वडीवर लिहिलीय ती बातमी," असं साळवे म्हणत. ही पद्धत बहुतेक वेळा बरोबर ठरे. त्यामुळेच पुढचं घडलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. संध्याकाळी जिल्हा प्रशासनाचं स्थलांतराचं पत्रक आलं. नदीकाठच्या गावांची यादी, हलवलेल्या कुटुंबांचे आकडे. साळवेंनी ती यादी दोनदा वाचली. सायखेड्याच्या खालच्या अंगाला नदीच्या गाळावर भाजीपाला करणाऱ्या पंधरा-वीस घरांची मळईवस्ती आहे. तिचं नाव यादीत नव्हतं. सायखेड्याला फोन लागेना. दुसऱ्यांदाही लागला नाही. साडेसात वाजत आले. साळवेंनी बातमी लिहिली : पत्रकात मळईवस्तीचा उल्लेख नाही, तेथील कुटुंबे पुरात अडकल्याची भीती आहे. पहिलं वाक्य खरं होतं. मथळा मी केला, 'मळईवस्ती पुराच्या वेढ्यात', आणि बातमी पहिल्या पानावर गेली.

वस्ती मुळीच अडकली नव्हती. माणसं आदल्या दुपारीच आपापल्या ट्रॉल्यांतून सायखेड्याच्या शाळेत गेली होती आणि गावाच्या आकड्यात धरली गेली होती. पत्रक बरोबर होतं. पण वस्तीवरचा पंढरीनाथ नावाचा एक तरुण बायकोसह दिंडोरीकडे राहून द्राक्षबागेत ट्रॅक्टर चालवायचा. त्याने सकाळी चहाच्या टपरीवर आमचा अंक वाचला. आई वस्तीवर एकटी, म्हणून तो मालकाची मोटारसायकल घेऊन निघाला. रस्ता पाण्याखाली होता तिथे ती टाकून पाण्यात उतरला आणि वाहून गेला. बाभळीला धरून तो चार तास होता. दुपारी लोकांनी त्याला काढला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

ही माहिती आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा संपादकांनी साळवेंना बोलावलं. मी पान घेऊन तिथे उभा होतो.

"पाचव्या पानावर दोन ओळी टाका आणि विषय संपवा," संपादक म्हणाले.

"बातमी पहिल्यावर होती."

"पत्रकात नाव नव्हतंच ना? मग आपण खोटं काय छापलं?"

"भीती छापली. ती माझी होती, वस्तीची नव्हती." साळवे म्हणाले, "साहेब, असिरियाने तीनशे वर्षं एकसुद्धा दुरुस्ती छापली नाही. शेवटी निनेवे, त्यांची राजधानी, पडली. ती बातमी कुठे आहे? बाबिलोनवाल्यांच्या नोंदीत. यांच्या स्वतःच्या घरात एक ओळ नाही."

"साळवे, आपलं साम्राज्य नाही हो. जिल्ह्याचा पेपर आहे."

"मग तर सोपं आहे."

दुरुस्ती पहिल्या पानावर आली, आणि तिच्यात 'ही चूक जिल्हा पानाचा प्रमुख या नात्याने माझी आहे' हे वाक्य साळवेंच्या नावासकट होतं. महिन्याभरात त्यांची बदली मुद्रितशोधन विभागात झाली. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. निवृत्तीपर्यंत, म्हणजे पुढची नऊ वर्षं, ते तिथेच होते. ज्या कामात त्यांच्याइतका तरबेज माणूस मी पाहिला नाही, ते काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. मला मथळ्याबद्दल ते कधीही बोलले नाहीत.

पंढरीनाथला भेटायला ते आधी दवाखान्यात गेले आणि पाणी ओसरल्यावर वस्तीवर. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. पंढरीनाथची आई गयाबाई ओसरीतला गाळ फावड्याने ओढत होती. साळवेंनी हात जोडले.

"तुमीच का ते पेपरवाले?" तिने फावडं टेकवलं. "तुमच्या पेपरात आमी बुडालो व्हतो म्हणं. आमी तर साळंत पिठलं खात व्हतो."

"चूक झाली माझी."

"लय मोठी झाली. पोराचा पाय गेला असता." मग आत बघून ओरडली, "पंढऱ्या, चहा टाकाय सांग बायकोला. बुडवणारं पाव्हणं आल्यात!"

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी साळवे तिकडे जात. पंढरीनाथ लंगडतच राहिला, दिंडोरीचं काम सुटलं, तो आईबरोबर भाजी करू लागला. त्याचे अर्ज साळवे लिहून देत आणि चहा झाला की असिरियाचं सांगत बसत. एकदा गयाबाईने विचारलं, "एवढा माज व्हता तर गेलं कुठं तुमचं राजं?" साळवे म्हणाले, "नदीकाठीच होतं निनेवे. सगळं मातीखाली गेलं." "मंग वांगी लावा म्हणावं त्यांना," ती म्हणाली. हे वाक्य साळवे आम्हाला अनेकदा ऐकवत.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात बातमी आली. तिच्यात 'मूळचे सायखेडा येथील' असे शब्द होते. ते मुलीने सांगितलेले नव्हते. आमच्याकडच्या एकाने त्यांना अधूनमधून सायखेड्याच्या बसला जाताना पाहिलं होतं, त्यावरून त्याने ते लिहिले आणि मी न विचारता छपाईला सोडले. साळवे जन्मापासून नाशिकरोडचे. सकाळी नऊला पंढरीनाथचा फोन आला.

"साहेब, पेपरात गाव चुकलंय. ते आमच्या गावचे नव्हते."

"हो. उद्या दुरुस्ती येईल."

"नका करू," तो म्हणाला. "कुणाला कळतंय... राहू द्या की तसंच."

मी फोन ठेवला आणि दुरुस्ती लिहायला घेतली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुरुस्ती आली, खाली माझं नाव होतं. गेल्या रविवारी मी मळईवस्तीवर गेलो. गयाबाई आता नाही. ओसरीत तिच्या फोटोशेजारी पंढरीनाथने साळवेंच्या बातमीचं कात्रण काचेखाली लावलं आहे. ते पहिल्या दिवसाचं आहे, 'मूळचे सायखेडा येथील' असं छापलेलं. दुरुस्तीचा अंकही त्याने घेतला होता. तो कुठे आहे, असं मी विचारलं.

"हाय घरात," तो म्हणाला, आणि चहा सांगायला आत गेला.