आप्पांची केळीची जाहिरात

म्हसावदला आमच्या शेजारी केबलवाले आप्पा राहत. संध्याकाळी त्यांच्या चॅनेलवर सिनेमा लागायचा आणि तो संपेपर्यंत हा माणूस बटणावरचं बोट काढायचा नाही. नायक नायिकेच्या जरा जवळ सरकला रे सरकला की पडद्यावर केळीच्या रोपांची जाहिरात! कोणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं, "पोरे देखी ऱ्हायनात ना भाऊ!"

व्हायचं तेच झालं. केळीचं रोप दिसलं की आम्हा पोरांना हसू फुटायचं. नवं जोडपं मोटारसायकलवरून गेलं की आम्ही ओरडायचो, "केळीनी जाहिरात उनी!" ज्यांची ती रोपवाटिका, ते बिचारे एकदा कानकोंडे होऊन आप्पांकडे आले. "आप्पा, मन्हा रोपेस्मा काही खोट शे का? पोरे माले देखीसन हासतस." आप्पांनी त्यांना चहा पाजला, कारण मात्र सांगितलं नाही.

सोनल ही आप्पांची एकुलती एक लेक, माझी मैत्रीण. तिची आई ती लहान असतानाच गेली. तिची वेणीसुद्धा आप्पाच घालायचे, बऱ्याचदा वाकडी. पोरीला कशाचं वारं लागू नये म्हणून त्यांचा जीव नुसता टांगणीला. एकदा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी वयात येणाऱ्या मुलींसाठीची छोटी फिल्म चॅनेलवर लावायला दिली. 'पाळी' हा शब्द कानावर पडला मात्र, आप्पांचं बोट आपोआप दाबलं गेलं. उरलेली फिल्म गावात कोणीच पाहिली नाही, सोनलनंही नाही.

पुढे थोड्याच दिवसांत एकदा सोनल सकाळपासून न्हाणीघरात कडी लावून बसली. आप्पांनी हाका मारमारून घसा कोरडा केला, शेवटी माझ्या आईला, म्हणजे सोनलच्या शेजारच्या काकूला, बोलावलं. तेव्हा कुठे आतून आवाज आला, "आप्पा, मन्ही आईनागत मी बी मरी जासू का?"

आईनं तिला दार उघडायला लावलं, जवळ घेतलं, सगळं नीट समजावलं. आप्पा ओसरीवर मटकन बसले. पोरगी एकटीच मरणाची वाट बघत बसली होती हो!

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तीच फिल्म पुन्हा लावली, अख्खी. फोनवर फोन. "आप्पा, हाई काय लायेल शे? घरमा पोरी शेतस!"

"पोरीस्नासाठेच लायेल शे," म्हणून ते फोन ठेवून देत.

आम्ही दोघी त्यांच्याच घरी बघत होतो. आप्पा येऊन आमच्याजवळ सतरंजीवर बसले. कान लालबुंद, नजर भिंतीवर. मध्येच सोनलनं त्यांना असं काही विचारलं की लाजेनं मीच मान खाली घातली. म्हटलं, आता आप्पा उठून जाणार.

ते हलले नाहीत. घसा खाकरून म्हणाले, "माले ठाऊक नही बेटा. काकूले इचारूत आपण. पण तू इचारत जाय."