गोळी घेतली, आता बोला

आरमोरीच्या एका शाळेत मी कारकून आहे. माझ्या हातच्या दाखल्यात काना-मात्रेची चूक सापडत नसे, कारण मी तो अकरा वेळा वाचायचो. मुख्याध्यापक याला निष्ठा म्हणत. डॉक्टरांनी पुढे वेगळं नाव दिलं.

या निष्ठावान माणसाला आणखी एक छंद होता. दुपारच्या सुट्टीत जुन्या बाकांच्या खोलीत आतून कडी लावून मी मोबाइलवर नको ते बघत असे. त्यातली मजा कधीच संपली होती. बघितल्याशिवाय राहवत नसे, एवढंच. मग अपवित्र वाटे, म्हणून घरी येऊन आंघोळ. अंगावर ओतलेले तांबे मोजताना चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. टाकी रिकामी होई आणि मी शुद्ध होई, दुसऱ्या दुपारपर्यंत.

एकदा बायको न्हाणीच्या दाराशी येऊन म्हणाली, “मानूस एवढा काऊन धुते? काय करून येता तुमी?”

बंद दाराआडून सांगणं सोपं गेलं. सांगितलं. आठ दिवस ती बोलली नाही. नवव्या दिवशी मी डॉक्टर गाठायला निघालो, तेव्हा गडचिरोलीच्या बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. ओळखीच्या एका भाऊंनी विचारलं, “कुठी चालले?”

“दाताच्या डॉक्टरकडे,” बायको म्हणाली. आमच्याकडे दात दुखणं इज्जतीचं.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकलं, खोकल्याचं ऐकावं तसं. हा वाचण्या-धुण्याचा मंत्रचळ आणि मोबाइलचा नाद एकमेकांना पोसतात, म्हणाले. गोळी लिहून दिली आणि दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं. दोन्ही करायचं होतं.

मी अर्थातच एकच केलं. गोळी प्रश्न विचारत नाही, हा तिचा मोठा गुण. आधी मळमळलं, मग महिना-दीड महिन्यात डोक्यातला गोंगाट उतरला. दाखला तीन वाचनांत होऊ लागला. मी स्वतःला बरा जाहीर केलं. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत झापलं आणि पाय आपोआप बाकांच्या खोलीकडे वळले.

तेव्हा बाईंकडे गेलो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. “ओढ लागायच्या आधी काय झालं होतं?” हे त्या अशा विचारत, जणू धानाची रोवणी कधी झाली ते विचारताहेत. मी वहीत लिहू लागलो. कळलं ते असं, की त्यात वासना थोडी होती. अपमान आणि एकटेपण जास्त. इतकी वर्षं स्वतःला रंगेल समजत होतो, तेही गेलं. शिवाय, कडीला हात लागला की ती खोली आठवून हात धुवावासा वाटे, म्हणून बाईंनी सराव दिला होता: घरच्या दाराच्या कडीला हात लावायचा आणि अर्धा तास धुवायचा नाही. त्या अर्ध्या तासात मी घड्याळाकडे बघे आणि बायको माझ्याकडे.

जमू लागलं, तशी मी हुशारीने गोळी बंद केली. कुणाला विचारावं असं वाटलं नाही. थोड्याच दिवसांत चक्कर, चिडचिड आणि पुन्हा तांबे.

“धानाले खत देल्लं म्हून पानी बंद करते का कोनी?” परसात भांडी घासता घासता बायको म्हणाली.

डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, पण त्यांचं वाक्य लांब होतं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आता वर्ष झालं. दोन्ही चालू आहे. मध्ये दोनदा घसरलो. दोन्ही वेळा त्याच दिवशी बायकोला सांगितलं. तिचा विश्वास अजून पूर्ण बसलेला नाही, आणि कधी बसेल हे तिला विचारायचं नाही असं बाईंनी बजावलं आहे. परवा मी विचारलंच.

“पाहू,” ती म्हणाली, आणि अंबाडीची जुडी निवडायला माझ्यापुढे सरकवली.